संत्र्याच्या पट्ट्यात पहिल्यांदा येताय? वरूड-मोर्शीची वाट

नाशिककडे द्राक्षाच्या मळ्यात जाणं आता सोपं झालंय. गेटवर तिकीट मिळतं, वाइन कशी होते ते कुणीतरी समजावून सांगतं, चाखायला पेले मांडलेले असतात, राहायला खोल्याही असतात. वरूडला यातलं काही नाही. अमरावती जिल्ह्यातल्या या तालुक्याला 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' म्हणतात. वरूड, मोर्शी, चांदूर बाजार आणि पलीकडे नागपूर जिल्ह्यातले काटोल, नरखेड हा सगळा पट्टा संत्र्यावर जगतो. 'नागपुरी संत्रा' या नावाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते ज्या मातीच्या जोरावर मिळालं ती ही माती. पण बगीचा बघायला येणाऱ्या पाहुण्यासाठी इथे खिडकी नाही की फलक नाही. बगीचा म्हणजे कुणाचा तरी संसार. आत जायचं तर त्या घरच्या माणसासोबत. ते कसं जमवायचं, कधी यायचं आणि आल्यावर काय बघायचं, ते सांगतो.

आधी बहार समजून घ्या, मग सुटी टाका

'संत्र्याचा हंगाम कधी?' असं कुणी विचारलं की इथला माणूस उलट विचारतो, 'कोणता बहार?' बहार म्हणजे झाड फुलावर येण्याची वेळ, आणि संत्र्याला मुख्य बहार दोन. आंबिया बहाराची फुलं जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीत येतात, आणि फळ दिवाळीच्या आसपास सुरू होऊन डिसेंबरपर्यंत, कुठे जानेवारीपर्यंत उतरतं. मृग बहाराची फुलं पावसाच्या सुरुवातीला, जून-जुलैत येतात आणि फळ फेब्रुवारी ते एप्रिल. आंबियाच्या फळाला किंचित आंबटपणा असतो, मृगाचं फळ जास्त गोड, असं इथे बहुतेक जण मानतात, आणि माझ्या जिभेचाही कौल तोच.

बहार आपोआप येत नाही, तो धरावा लागतो. त्यासाठी झाडाला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. आंबियासाठी डिसेंबर-जानेवारीत, मृगासाठी मे महिन्याच्या उन्हात. ताणावर सोडलेल्या बगीच्याची पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. बाहेरगावच्या माणसाला वाटतं बगीचा वाळला. तसं नसतं. झाडाची वाढ थांबून त्याच्या अंगात फुलासाठी साठा होतो, आणि पुढे खत-पाणी दिलं की ते एकदम फुलावर येतं. जमीन भारी काळी असेल तर ताण जास्त दिवस लागतो, हलकी असेल तर कमी. ताण तोडायचा, म्हणजे पुन्हा पाणी सुरू करायचा, दिवस ठरवणं हा बगीचेवाल्याच्या वर्षातला सगळ्यात मोठा निर्णय. दोन-चार दिवसांनी चुकला तरी फुलोरा विरळ येतो. मृगाचं तर सगळं पावसाच्या हाती. मृग नक्षत्र कोरडं गेलं, पाऊस लांबला, की तो बहार हातचा जातो.

म्हणून महिना ठरवताना आपल्याला काय बघायचंय ते आधी ठरवा. तोड, मंडी, ट्रक, सगळी धामधूम बघायची असेल तर नोव्हेंबर-डिसेंबर. पण एकच खेप होणार असेल तर माझं ऐका आणि फेब्रुवारीत या. एका वावरात आंबियाची फुलं आणि शेजारच्या वावरात मृगाची पिकली फळं, दोन्ही एकाच दिवशी बघायला मिळतात. फुलोऱ्याच्या दिवसांत संध्याकाळी रस्त्यावरून जाताना गाडीची काच खाली करा. तो वास लिहून सांगता येत नाही.

मे महिन्यात येऊ नका. ऊन पंचेचाळिशीला टेकतं, बगीचेवाला पाण्याच्या चिंतेत असतो आणि बघण्यासारखंही फार नसतं. पावसाळ्यात काळ्या मातीची पांदण ओलांडणं नवख्याला जमत नाही, पण कलमं न्यायची असतील तर तेच दिवस बरे. त्याचं शेवटी सांगतो.

पोचायचं कसं, राहायचं कुठे

नागपूरहून काटोल-जलालखेडा मार्गे वरूड शंभरेक किलोमीटर. अमरावतीहून मोर्शी मार्गे नव्वदच्या आसपास. दोन्हीकडून एसटी आहे. रेल्वेने यायचं तर अमरावती-नरखेड मार्गावर मोर्शी आणि वरूड ही स्टेशनं लागतात. वरूडच्या स्टेशनचं नावच 'वरूड ऑरेंज सिटी' आहे. गाड्या मोजक्याच असतात, वेळ बघूनच निघा. नरखेड मात्र नागपूर-इटारसीच्या मोठ्या लाईनवर आहे.

वर्ध्याकडून येणाऱ्यांना सेवाग्राम बघून आर्वी-आष्टी मार्गे मोर्शीला येता येतं. १९४२ च्या लढ्यात नाव कोरलेली शहीद आष्टी याच वाटेवर लागते, तिथे थांबा. एक लक्षात ठेवा, वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. गाडीत बाटली घेऊन जिल्हा ओलांडू नका.

राहायला वरूड-मोर्शीत साधे लॉज आहेत. हंगामात तिथे बाहेरगावचे व्यापारी उतरलेले असतात, म्हणून आधी फोन करा. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं सोबत असतील तर मुक्काम अमरावतीला ठेवून सकाळी लवकर निघालेलं बरं. हिवाळ्यात पहाटे चांगलीच थंडी असते आणि दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो.

ओळख काढा

हीच खरी पायरी. विदर्भात सासर, मामाचं गाव, कॉलेजचा मित्र, ऑफिसातला सहकारी असं काहीतरी प्रत्येकाचं निघतंच. अमरावती-नागपूरच्या कुठल्याही चार माणसांना विचारा, एकाच्या तरी नात्यात बगीचा असतो. त्याच्याकडून नंबर घ्या, आदल्या दिवशी फोन करा, आणि किती जण येणार ते खरं सांगा. 'दोघं येतो' म्हणून आठ जण उतरू नका, कारण त्या घरात आठांचा स्वयंपाक होईल आणि तो कुणी तक्रार न करता करेल.

ओळख निघालीच नाही तर दोन मार्ग आहेत. मोर्शी तालुक्यात उमरखेडला सरकारची सिट्रस इस्टेट आहे. कामाच्या दिवशी तिथे जाऊन रीतसर विचारता येतं. नागपूरला अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, ती १९८५ पासूनची. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र काटोलला आहे. शेतीचा अभ्यास म्हणून येणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात करावी. दुसरा मार्ग म्हणजे गावातल्या चौकातलं कृषी केंद्र किंवा चहाची टपरी. चहा घ्या, कुठून आलात ते सांगा, बगीचा बघायची इच्छा आहे म्हणा. बहुतेक वेळा समोरचाच उठतो.

बोलताना मोठ्या माणसाला 'काकाजी', बरोबरीच्याला 'भाऊ' किंवा 'दादा', घरातल्या बाईला 'काकू', 'वहिनी' किंवा 'ताई' म्हणा. पहिला प्रश्न येईल, 'कोणत्या गावचे होय तुम्ही?' त्याचं उत्तर पुणे-मुंबईवर थांबवू नका, मूळ गाव सांगा, मग गप्पा पुढे सरकतात. पाण्याचा तांब्या आला की दोन घोट तरी घ्या. 'जेवल्याशिवाय कसे जाता भाऊ?' हे तोंडदेखलं नसतं. खरंच थांबता येणार नसेल तर आल्या आल्याच सांगा, चूल पेटल्यावर नको.

बगीच्यात शिरल्यावर

चपला-बूट झटकून आत जा. एका बगीच्यातली ओली माती बुटाला लावून दुसऱ्यात नेलीत तर तिच्यासोबत डिंक्याची, म्हणजे बुंध्यातून डिंक गळणाऱ्या रोगाची, बुरशीही जाऊ शकते. एका दिवसात दोन-तीन बगीचे बघणार असाल तर मधे बूट धुवाच. कुंपणाच्या तारेला हात लावू नका. रानडुकरांसाठी अनेक ठिकाणी झटका मशीन जोडलेली असते. आत जाताना आज-काल फवारणी झाली का तेही विचारा. झाली असेल तर झाडाला हात न लावता फिरा आणि मुलांना तोडलेलं फळ लगेच तोंडात घालू देऊ नका.

आता एका झाडाशी खाली बसा. उभ्याने बघणारा फक्त फळं बघतो, बगीचा खाली असतो. जमिनीपासून वीतभर उंचीवर बुंध्याची साल बदललेली दिसेल. खाली थोडी खडबडीत, वर वेगळ्या पोताची, आणि मधे सांध्याची आडवी खूण. खालचा खुंट जंबेरीचा, म्हणजे रानटी जातीच्या लिंबाचा, आणि वर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बांधलेला. मुळं एकाची, फळ दुसऱ्याचं. बुंध्याला निळसर-पांढरा लेप असतो. तो बोर्डो पेस्टचा, एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना दहा लिटर पाण्यात. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तो हाताने लावतात. लेपाच्या वर कुठे तांबूस, चिकट थेंब ओघळून वाळलेले दिसले तर तोच डिंक्या. बुंध्याला पाणी साचून राहिलं की तो जोर धरतो, म्हणून जाणता माणूस झाडाभोवती दुहेरी आळं करतो. आतल्या गोलात पाणी जाऊ देत नाही, बाहेरच्या गोलात देतो. पानांवर काजळी धरल्यासारखा काळा थर दिसला तर ती कोळशी, काळ्या माशीची करणी.

मग वर बघा. फांद्यांना खालून बांबूचे टेकू दिलेले असतात, नाहीतर भरल्या झाडाची फांदी आपल्याच वजनाने फाटते. रोप लावल्यापासून फळ हाती यायला पाचेक वर्षं जातात. सहा बाय सहा मीटरवर हेक्टरी २७७ झाडं बसतात, आणि जुना बगीचेवाला त्यातल्या प्रत्येक झाडाची कुंडली सांगतो.

फळ स्वतः ओढून तोडू नका. ओढलं की देठाजवळची साल उचकटते आणि तिथूनच सड सुरू होते. तोडणारी माणसं कातरीने देठ आखूड कापतात. मालक फळ हातात देतील ते तिथेच सोला. साल सैल असते, नखाने उचलली की फोडी मोकळ्या होतात. बिया आणि साली खिशात किंवा पिशवीत टाका.

पाण्याबद्दल विचारल्याशिवाय बगीच्यातून निघू नका, कारण या पट्ट्याची सगळी गोष्ट पाण्याशी येऊन थांबते. संत्र्याला बारमाही पाणी लागतं. आधी विहिरी होत्या, मग विहिरीत आडवे बोअर झाले, मग उभे बोअर शेकडो फूट खोल गेले. वरूड-मोर्शीचं भूजल आज अतिशोषित आहे. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण उभं आहे, तरी २०१९ च्या उन्हाळ्यात या दोन तालुक्यांत उभे बगीचे वाळले. लोकांनी वीस-वीस वर्षांची झाडं कापून सरपण केलं. त्या दिवसांबद्दल बोलताना माणसं गप्प होतात, तेव्हा फार खोदू नका. शेतीची लाईट रात्रपाळीला असली की तुमचा यजमान रात्री मोटर चालू करायला उठलेला असतो. सकाळी आठला त्याच्या दारात उभं राहण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

मंडीत एक सकाळ

तोड चालू असेल तर आधी ती वावरातच बघा. माणसं शिडीवर, खाली बायकांची निवड. मोठं, मध्यम आणि बारीक माल वेगळा. बारीक फळाला इथे 'चुरी' म्हणतात. मग सगळं प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये भरून मंडीत.

इथे पुष्कळदा बगीचा झाडावरच विकला जातो. फळ हिरवं असतानाच व्यापारी येतो, झाडं फिरून अंदाज घेतो आणि सौदा उक्ता, म्हणजे सगळ्या बगीच्याचा एकच आकडा, ठरतो किंवा हजार फळांवर भाव बोलला जातो. विसार देतो, बाकीचे पैसे तोडीच्या वेळी. मधे गारपीट झाली, फळगळ झाली, भाव पडला, तर सौद्याचं काय होतं हे एखाद्या वयस्कर बगीचेवाल्याला विचारा. अर्धा तास कसा गेला ते कळणार नाही. दुसरा मार्ग म्हणजे माल स्वतः मंडीत किंवा नागपूरच्या कळमना बाजारात नेऊन हर्रास, म्हणजे लिलाव, करणं.

मंडीत मेण लावायच्या मशिनी बघायला मिळतात. फळ धुतलं जातं, वाळतं, मेणाचा पातळ थर बसतो, रुळांवरून आकाराप्रमाणे वेगळं होतं. इथला संत्रा वर्षानुवर्षं बांगलादेशात जायचा. २०१९ पासून तिथल्या सरकारने आयात शुल्क वाढवत नेलं, २०२३ मध्ये ते किलोमागे ८८ टका झालं, आणि इथला भाव कोसळला. ढाक्यात झालेल्या निर्णयाने वरूडच्या पोरीचं लग्न पुढे ढकललं जातं, इतका तो धागा सरळ आहे. मंडीत उभं राहून कुणाला भाव विचारलात आणि समोरच्याने तोंड कडू केलं, तर कारण हे असतं.

कामाच्या मधे उभं राहू नका. हमाल, ट्रक आणि कॅरेट यांची वाट मोकळी सोडा. फोटो काढायचा तर माणसाला विचारून.

विकत घ्यायचं ते असं

रंगावर जाऊ नका. आंबियाचं सुरुवातीचं फळ हिरवट असूनही रसाला तयार असतं. सालीला केशरी रंग येतो तो रात्रीच्या थंडीने. फळ हातात घेऊन वजन बघा. आकाराच्या मानाने जड लागलं तर रस आहे, हलकं आणि पोकळ वाजलं तर सोडा. संत्रा झाडावरून उतरल्यावर पुढे पिकत नाही, गोडीही वाढत नाही, त्यामुळे 'घरी ठेवून पिकेल' या आशेवर कच्चा माल घेऊ नका. रस काढायचा असेल तर चुरी मागा, स्वस्त पडते आणि चवीला कुठे कमी नसते.

मालकाकडून थेट घेताना त्या दिवसाचा मंडीचा भाव विचारा आणि त्यावर चार पैसे जास्त द्या. शहरातल्या दुकानापेक्षा ते तरीही कमीच पडतात, आणि तो पैसा मधे कुठे न अडकता घरात जातो. पाहुणचार म्हणून ते पैसे घेणार नाहीत. मग घरातल्या लेकराच्या हातात ठेवा, ते इथे चालतं. कॅरेट परत द्यायचं असतं, म्हणून येताना भोकं असलेले पुठ्ठ्याचे खोके आणा. तळाशी वर्तमानपत्र, दोन-तीन थरांच्या वर नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डिक्कीत टाकलेली फळं घरी पोचेपर्यंत घामेजतात आणि बुरशी धरतात. मोकळ्या हवेत आठवडाभर चांगली राहतात. एखादं नासलं की लगेच बाजूला काढा.

खायला काय

सकाळी चौकात तर्री-पोहे किंवा आलूबोंडा. जेवायला ज्वारीची भाकर, झुणका, ठेचा, पाटवडीचा रस्सा. पण कुणी वावरात रोडग्यांना बोलावलं तर बाकीचा बेत रद्द करा. गव्हाच्या जाड कणकेचे थर देऊन वळलेले गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजतात, राखेतून काढून झटकतात, फोडतात आणि वरून तूप सोडतात. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. वांगी त्याच वावरातली असतात. जेवण तासन्तास चालतं, घाईने जेवणारा माणूस तिथे उठून दिसतो. तिखट सोसत नसेल तर आधी सांगा. याच तालुक्यातल्या राजुरा बाजारला हंगामात हिरव्या मिरचीचा मोठा बाजार भरतो, तोही रात्रीचा. गाडी असेल तर तिथे चक्कर मारा, वाऱ्यावरच डोळ्यांना पाणी येतं.

अजून एक दिवस असेल तर

मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर चुकवू नका. महानुभाव पंथाचं हे मोठं स्थान, गोविंदप्रभूंचं गाव, आणि जुन्या मराठी गद्याची ही भूमी. मराठी भाषा विद्यापीठही आता तिथेच आहे. मंदिरात शांतपणे बसा, तिथले नियम विचारून पाळा. सातपुड्याच्या पायथ्याशी मध्य प्रदेशच्या सीमेवर सालबर्डी आहे, डोंगरातल्या गुहेत महादेव. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते, तेव्हा रस्ते भरलेले असतात. एकांत हवा असेल तर ते दिवस टाळा. नागपूर-अमरावती महामार्गाने परतणार असाल तर वाटेत मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम लागतो. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला बसता येईल अशा बेताने निघा.

कलम न्यायचं असेल तर

वरूड तालुक्यातलं शेंदूरजना घाट हे रोपवाटिकांचं गाव. इथली संत्र्याची कलमं लांबलांब जातात. पाऊस नीट लागला की खरेदी करा, लागवडीला तोच काळ. परवाना असलेल्या रोपवाटिकेतूनच घ्या आणि पावती मागा. डोळा कोणत्या खुंटावर बांधलाय ते विचारा, जंबेरी की रंगपूर लिंबू. डोळा वीतभर उंचीवर असावा. जमिनीलगत बांधलेलं कलम स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, त्याला डिंक्या लवकर गाठतो. पिशवी उचलून खालून मुळं बघा, पांढरी आणि तंतुमय हवीत, काळपट-कुजकी नकोत. पानं बोकडलेली, म्हणजे आखडून वळलेली, असतील तर ते रोप बाजूला ठेवा. प्रवासात रोपं उभी ठेवा, वाऱ्याला लावू नका. घरी नेल्यावर सावलीत चार दिवस ठेवून मग लावा. लावताना सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे, आणि पहिल्या पावसात तिथे पाणी साचतंय का ते स्वतः जाऊन बघा.